बागुलबुवाची न्याहारी : खोक्यातले राक्षस आणि त्यांचे संग्राहक

मराठी घरात बागुलबुवाला पाचारण करण्याचे प्रसंग ठरलेले असत. मूल झोपत नाही, मूल ताटातला शेवटचा घास घेत नाही, की दाराआडचा बागुलबुवा पुढे सरकावयाचा. त्याला चेहरा नसे, निश्चित आकार नसे. घास गिळला गेला की तो निमूटपणे अंधारात परतत असे. भय दाखवून भरविण्याची ही रीत फार जुनी आहे आणि ती एकट्या मराठी घराची नाही. १९७१ साली अमेरिकेतील जनरल मिल्स या कंपनीने ही रीत नेमकी उलटी केली. बागुलबुवाला दाराआडून बाहेर काढून तिने त्याला न्याहारीच्या टेबलावर बसविले, चेहरा आणि नाव दिले, आणि खाऊ घेऊन येणारा तोच, असे ठरवून टाकले. त्या वर्षी दोन नवी सीरियल्स बाजारात आली : चॉकोलेटच्या चवीचे ‘काउंट चॉकुला’ आणि स्ट्रॉबेरीच्या चवीचे ‘फ्रँकन बेरी’. १९७३ मध्ये ‘बू बेरी’ हे निळे भूत आणि १९७४ मध्ये ‘फ्रूट ब्रूट’ हा नरवृक त्यांना येऊन मिळाले. या खोक्यांतून निघणारी पेन्सिलीची रबरे, अंगठ्या, चिकटचित्रे आणि चिमुकल्या प्लास्टिकच्या वस्तू मुलांनी एक-दोन दिवस खेळवून टाकून दिल्या. आज त्याच वस्तू प्रौढ माणसे काचेच्या कपाटात मांडून ठेवतात.

एकोणिसाव्या शतकातील दोन कादंबऱ्यांच्या संक्रमणाचा विचार करावयाचा, तर त्यांची एक शाखा या रबरी पुतळ्यांपर्यंत येऊन पोचते. मेरी शेलीची ‘फ्रँकन्स्टाइन’ १८१८ ची, ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. त्यांच्या आशयाचे अर्थनिर्णयन करणारे समीक्षक नाटकापर्यंत आणि चित्रपटापर्यंत येतात व तेथे थांबतात. खोक्यातल्या खेळण्यापर्यंत येण्याचा संकोच समजण्याजोगा आहे. पण या दोन्ही कथांना अन्नाचा प्रश्न मुळातच चिकटलेला आहे, हे त्या संकोचापायी नजरेआड होते. शेलीचा अनामिक प्राणी मांसाहारी नाही. माणसाच्या आहारासाठी कोकरू मारावे लागते, आपल्याला मात्र ओकची फळे आणि रानातल्या बेरी पुरतात, असे तो आपल्या निर्मात्याला सांगतो. ही त्याची नैतिक बाजू आहे. उलट स्टोकरचा काउंट पाहुण्याला जेवू घालतो आणि स्वतः घासही घेत नाही. पाहुण्याला प्रथम जाणवणाऱ्या विसंगतींपैकी ही एक. तेव्हा बेरी विकणारा फ्रँकन्स्टाइनचा प्राणी हा मूळ संहितेचा विपर्यास आहे असे सरसकट म्हणता येत नाही. हा धागा जाहिरातकारांनी जाणूनबुजून उचलला असेल असे मानण्याचे मात्र काही कारण नाही.

सीरियलच्या खोक्याबरोबर भेट देण्याची कल्पना राक्षसांहून पुष्कळ जुनी. मिशिगनमधील बॅटल क्रीक या गावी मक्याच्या पोह्यांचा धंदा उभारणाऱ्या केलॉगने १९०९ मध्ये ‘फनी जंगललँड’ ही पुस्तिका काढली. दोन खोकी घेणाऱ्याला दुकानदार ती फुकट देई. माणसांचे कपडे घातलेल्या प्राण्यांची चित्रे, आणि पाने आडवी कापलेली. त्यामुळे एकाचे डोके, दुसऱ्याचे धड आणि तिसऱ्याचे पाय जोडून मुलाला मनाला येईल तो संकरित प्राणी तयार करता येई. राक्षस म्हणजे परस्परांशी न जुळणाऱ्या अवयवांची बेरीज, ही व्याख्या धरली, तर सीरियलची ही आद्य भेट राक्षस बनविण्याचे एक कागदी यंत्रच होती. व्हिक्टर फ्रँकन्स्टाइनने स्मशानात आणि खाटिकखान्यात जे केले, तेच येथे लहान मूल न्याहारी करता करता करीत होते. आणि कोणताही संकर कायम राहत नसल्यामुळे अपराधाचा प्रश्न उद्भवत नव्हता. १९१२ पर्यंत या पुस्तिकेच्या पंचवीस लाख प्रती वाटल्या गेल्या होत्या, असे सांगितले जाते.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत भेटवस्तूचे स्वरूप पालटत गेले. रेडिओच्या काळात खोक्याचे झाकण कापून, सोबत काही नाणी घालून टपालाने पाठवावयाचे आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहावयाची, असा प्रघात होता. १९४७ मध्ये किक्स या सीरियलच्या झाकणावर आणि पंधरा सेंटवर ‘अणुबाँब अंगठी’ मिळू लागली. तिच्या पोटात पोलोनियमचा अत्यल्प अंश असे आणि काळोखात डोळ्याशी धरल्यास अणूंच्या विघटनाचे स्फुल्लिंग दिसत. हिरोशिमाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पोलोनियमचे अर्धायुष्य सुमारे १३८ दिवसांचे, त्यामुळे संग्राहकांच्या हाती आज असलेल्या साऱ्या अंगठ्या आंधळ्या आहेत. त्या विकल्या जातात त्या आता न दिसणाऱ्या प्रकाशासाठी. खोक्यात शिरलेले खरे भय हे पहिले. ड्रॅक्युला पुष्कळ नंतरचा.

युद्धोत्तर काळात प्लास्टिकच्या साचेकामाने वस्तू इतकी स्वस्त केली की टपालाचा फेरा टळला आणि खेळणे थेट खोक्यातच पडू लागले. या बदलाचे महत्त्व आर्थिक तेवढेच मानसिक आहे. टपालाने येणारी वस्तू मुलाने ‘मिळविलेली’ असे. खोक्यातली वस्तू ‘सापडते’. पोह्यांत कोपरापर्यंत हात घालून चाचपडणे, भावंडांचे त्यावरून होणारे कलह, आणि तळाशी लागलेली वस्तू आपल्या संचात आधीच असल्याचा विषाद हे सारे या सापडण्यातून आले. मराठी वाचकांच्या एका पिढीला हा अनुभव सर्वस्वी परका नाही. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे प्लास्टिकचे इवले प्राणी मुंबई-पुण्याच्या घरांतूनही असेच जमविले जात. मात्र तेथे हत्ती-जिराफ होते, राक्षस नव्हते. केलॉगने तळोज्याच्या कारखान्यासह १९९४ मध्ये भारतात प्रवेश केला, तेव्हा अमेरिकेतील भेटवस्तूंचा सुवर्णकाळ ओसरत चालला होता.

राक्षस मुलांच्या हाती कसा आला, याचे उत्तर दूरचित्रवाणीत आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात स्क्रीन जेम्स या वितरकाने युनिव्हर्सल कंपनीचे बावन्न जुने चित्रपट ‘शॉक’ या नावाने स्थानिक केंद्रांना एकगठ्ठा दिले. १९३१ साली चित्रपटगृहातील अंधारात प्रौढांनी पाहिलेले ड्रॅक्युला आणि फ्रँकन्स्टाइन आता दिवाणखान्यात, मुलांसमोर आले. १९५८ मध्ये ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे नियतकालिक निघाले. पाठोपाठ ऑरोरा कंपनीचे जोडणीचे पुतळे आले. ज्या मुलांनी ते पुतळे डिंक लावून जोडले, तीच सत्तरच्या दशकात लहान मुलांची पालक होऊ लागली होती. चित्रपटातील भय तोवर अर्धे विरले होते आणि त्याच्या जागी जिव्हाळा येत होता. जिव्हाळा हा विक्रीला सोयीचा असतो.

दूरचित्रवाणीवरील जाहिरातींत काउंट चॉकुलाचा आवाज बेला लुगोसीचा, फ्रँकन बेरीचा बोरिस कार्लोफचा आणि बू बेरीचा पीटर लॉरेचा वाटे. प्रत्यक्षात ते जेम्स ड्यूकस, बॉब मॅकफॅडन आणि पॉल फ्रीस यांनी केलेले अनुकरण होते. लुगोसी १९५६ मध्ये, लॉरे १९६४ मध्ये, कार्लोफ १९६९ मध्ये वारले होते. मुले सकाळी ऐकत ते मृतांचे आवाज. याच काळात कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत एक खटला चालू होता, आणि खेळण्यांच्या इतिहासात त्याला मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. लुगोसीच्या चेहऱ्याचा ड्रॅक्युला युनिव्हर्सलने खेळण्यांच्या आणि इतर मालाच्या उत्पादकांना परवान्याने वापरू दिला होता. लुगोसीच्या वारसांचा प्रश्न साधा होता : ड्रॅक्युला कंपनीचा असेल, पण तो चेहरा कोणाचा? १९७२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने वारसांच्या बाजूने कौल दिला. पुढे तो फिरला, आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, स्वतःच्या चेहऱ्याचा व्यापारी उपयोग करण्याचा हक्क माणसाने हयातीत बजावला नसेल, तर तो त्याच्याबरोबर संपतो. मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांनी विरोधी मत नोंदविले. १९८४ मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून मृतांच्या चेहऱ्याला वारसाहक्क बहाल केला.

या खटल्याची मुळे मागे जातात. १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन चित्रपटाविरुद्ध स्टोकरच्या विधवेने झगडून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळविला होता. तरीही चित्रपट वाचला. जो स्वतः मरत नाही आणि ज्याला स्वतःचे प्रतिबिंब नाही, त्याची प्रतिमा कोणाच्या मालकीची, हा वाद ड्रॅक्युलाच्या कथेला सावलीसारखा चिकटून आहे. सीरियलच्या कंपनीने चेहरा न घेता नाव मोडले, आवाजाची नक्कल केली आणि दोन बोथट दात दिले. श्लेष हा येथे अलंकार राहिला नाही. परवान्याची गरज टाळणारी ती एक व्यवहारी युक्ती ठरली. ‘चॉकुला’ या शब्दात कादंबरीतले जेवढे उरले आहे, तेवढे कोणाच्याच मालकीचे नाही.

इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती यांनी ‘डायलेक्टिक ऑफ फिअर’ या निबंधात या दोन राक्षसांना एकाच समाजाच्या दोन टोकांवर उभे केले आहे. फ्रँकन्स्टाइनचा प्राणी हा अनेकांच्या तुकड्यांतून घडविलेला, नाव नसलेला श्रमिक. ड्रॅक्युला हा सतत वाढत राहण्याखेरीज ज्याला गत्यंतर नाही असे भांडवल. मार्क्सने भांडवलाला रक्तपिपासूची उपमा दिली होती, तिचाच हा विस्तार. मोरेत्तींची मांडणी काहीशी हिशेबी आहे, ही तक्रार रास्त असली तरी खोक्यांच्या बाबतीत ती अनपेक्षितपणे उपयोगी पडते. जाहिरातींत चॉकुला आणि बेरी सतत भांडत : कोणाचे सीरियल श्रेष्ठ? भांडणाच्या शेवटी एखादे लहान मूल किंवा क्षुल्लक आवाज त्यांना घाबरवी आणि दोघे पळ काढीत. श्रम आणि भांडवल यांचा संघर्ष दोन चवींमधील निवडीत उतरला होता, आणि दोन्ही चवी एकाच कंपनीच्या होत्या.

पण भय इतक्या सहजी पचत नाही. खोक्याच्या पुढच्या बाजूने हाकलून दिलेले भय मागच्या बाजूने परतत राहिले, आणि हाच या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग आहे. १९७० च्या जुलैमध्ये रॉबर्ट चोट यांनी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साठ सीरियल्सची पोषणमूल्यानुसार प्रतवारी मांडली आणि त्यांपैकी चाळीस जवळजवळ निःसत्त्व असल्याचे सांगितले. राक्षस अवतरले ते त्यानंतर वर्षभरात. १९७२ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. आतड्यातून रक्तस्राव होत असावा या शंकेने त्याला चार दिवस रुग्णालयात ठेवले होते. रक्त नव्हतेच. फ्रँकन बेरीतील लाल रंग त्याच्या देहातून अविकृत बाहेर पडत होता. वैद्यकीय वाङ्मयात या लक्षणाला त्या सीरियलचेच नाव मिळाले. रक्ताचा राक्षस चॉकुला, आणि रक्ताचा आभास निर्माण केला फ्रँकन बेरीने, ही गफलत कोणा कादंबरीकाराने योजली असती तर ती ओढूनताणून आणलेली वाटली असती. ‘रेड नंबर २’ या खाद्यरंगावर १९७६ मध्ये अमेरिकेत बंदी आली. त्या मुलाच्या आईने घरात काढलेल्या त्या रात्रीचे वर्णन वैद्यकीय टिपणात अर्थातच नाही.

दुसरे पुनरागमन १९८७ चे. त्या वर्षी काउंट चॉकुलाच्या खोक्यावर १९३१ च्या चित्रपटातील लुगोसीची प्रतिमा छापली गेली. ज्या चेहऱ्यासाठी न्यायालयात भांडण झाले, तो अखेर खोक्यावर आला होता. लुगोसीच्या गळ्यातील पदक मात्र सहा टोकांच्या ताऱ्यासारखे, ज्यू धर्मचिन्हासारखे दिसे. रक्त शोषणाऱ्या परकीयाच्या गळ्यात हे चिन्ह पाहून तीव्र निषेध झाला आणि कंपनीने चित्र बदलले. हेतू कोणाचाच नव्हता. तथापि ‘ड्रॅक्युला’तील परका, धनसंचय करणारा, रोगट रक्ताचा काउंट एकोणिसाव्या शतकातील ज्यूविरोधी प्रतिमांतूनच घडला आहे, हे हाल्बरस्टाम यांनी १९९५ च्या ‘स्किन शोज’ या ग्रंथात सविस्तर दाखविले. जे विद्वानांना ग्रंथालयात शोधावे लागले, ते सीरियलच्या खोक्याने आठ वर्षे आधी अजाणता छापून टाकले होते. संग्राहकांत आज हे खोके विशेष मागणीत असते, बहुधा चुकीमुळेच.

तिसरा धागा कायद्याचा. मुलांसाठीच्या जाहिरातींवर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ मध्ये मांडला. १९८० मध्ये काँग्रेसने आयोगाचेच अधिकार आखडून तो निकालात काढला. टिकला तो अधिक साधा नियम. १ जानेवारी १९८० पासून तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातील सुटा भाग सव्वा इंच व्यासाच्या एका नळीत पूर्णपणे मावता कामा नये, असे ठरले. ती नळी लहान मुलाच्या घशाचे प्रमाण होती. खोक्यातले सारेच राक्षस या नियमाखाली येत नव्हते, पण खाद्यपदार्थांत मिसळलेल्या चिमुकल्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बागुलबुवा घास गिळायला लावी. आता बागुलबुवाच घशात अडकेल, ही चिंता आली.

कादंबऱ्यांचा वारसा नसलेले राक्षसही होते, आणि खेळणी म्हणून ते अधिक सरस होते. राल्स्टन कंपनीचे ‘फ्रीकीज’ हे सीरियल सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात आले. जॅकी एंड या जाहिरातलेखिकेने कल्पिलेले हे सात मसगोळे : बॉसमॉस, हॅमहोज, गार्गल, ग्रंबल, काउमंबल, गुडी-गुडी आणि स्नॉर्कलडॉर्फ. ज्या झाडाला हे सीरियल लागते त्या झाडाभोवती ते राहत. कोणी कुरकुऱ्या, कोणी मुखदुर्बळ, कोणी आज्ञाधारक. शाळेच्या वर्गात सापडावेत असे स्वभाव. त्यांच्या मृदू प्लास्टिकच्या आकृत्या खोक्यातून निघत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रोझेनहाइन अँड लिपमन या कारखान्याने घडविलेले ‘क्रेटर क्रिटर्स’ हे परग्रहवासी याच जातीचे. ज्या शिल्पींनी इंचभर उंचीत सात वेगळे स्वभाव उतरविले, त्यांची नावे खेळण्यावर नाहीत. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये प्लास्टिकच्या खेळण्यांवर जी टीका केली, तिच्यात लाकडाच्या उबेची ओढ आहे. फ्रीकीज त्यांनी पाहिले असते तर टीका मागे घेतली असती असे नाही. पण प्लास्टिकला स्वभाव नसतो, हे म्हणणे त्यांना जड गेले असते.

संग्राहक या सगळ्यात शेवटी येतो. ईबेसारखी लिलावाची बाजारपेठ १९९५ मध्ये सुरू झाली आणि ज्या वस्तूला किंमत नव्हती तिला एकाएकी भाव आला. ‘फुकट’ या शब्दाची येथे कसोटी लागते. खेळणे फुकट होते म्हणून फेकले गेले. फेकले गेले म्हणून दुर्मीळ झाले. दुर्मीळ झाले म्हणून महाग. बेन्यामिन यांनी ग्रंथसंग्रहावर लिहिताना संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या दास्यातून सोडवितो अशा अर्थाची मांडणी केली होती. सीरियलच्या राक्षसाला मात्र उपयुक्तता कधी नव्हतीच. तो आमिष होता, आणि खोके घरी आले की त्याचे कार्य संपत असे. संग्राहक त्याला सोडवितो ते विस्मृतीतून, आणि दुसऱ्याच क्षणी भावाच्या तक्त्यात टांगतो. हे दोन व्यवहार वेगळे काढता येत नाहीत. संग्राहकांचा भाबडेपणा किंवा लोभ यांपैकी एकच पाहणारे लेखन म्हणूनच अपुरे वाटते.

त्यांच्या पेचांत एक पेच खास या वस्तूंचा आहे. सर्वाधिक मोल कागदी पाकिटात बंद असलेल्या, कधीच न उघडलेल्या खेळण्याला. म्हणजे ज्या मुलाने ते उघडले नाही, त्याच्या संयमाला किंवा उदासीनतेला. ज्याने पोह्यांत हात घालून ते काढले, रंगविले, दाताने कुरतडले, त्याचे खेळणे कमी प्रतीचे ठरते. सुझन स्टुअर्ट यांनी १९८४ च्या ‘ऑन लाँगिंग’ मध्ये स्मृतिचिन्ह आणि संग्रह यांत भेद केला आहे : स्मृतिचिन्ह भूतकाळाकडे नेते, संग्रह काळालाच बाजूला सारून वर्गवारी करतो. राक्षसांचे संग्राहक हा भेद पाळू शकत नाहीत. त्यांना बालपण हवे असते आणि बालपणाची खूण नसलेली वस्तूही हवी असते. कित्येकजण म्हणून दोन प्रती ठेवतात, एक कोरी आणि एक चावलेली.

कंपनीलाही पुढे या ओढीचा व्यापार उमगला. २०१० पासून ही सीरियल्स वर्षभर न विकता हॅलोविनच्या सुमारासच बाजारात आणली जाऊ लागली. २०१३ मध्ये बंद पडलेले दोन राक्षस त्या हंगामापुरते परत आणले गेले. २०२२ ची खोकी कॉझ या चित्रकाराने सजविली. खोके आता जन्मतःच संग्राह्य असते, आणि पुष्कळदा न खाताच जपले जाते.

जुन्या खेळण्यांचे जतन हे मात्र रसायनशास्त्राचे काम झाले आहे. मऊ प्लास्टिकची रबरे आणि आकृत्या ज्या द्रव्याने मऊ राहतात, ते द्रव्य वर्षानुवर्षे पाझरत असते. आकृती चिकट होते, तिच्यावर धूळ बसते. हे द्रव्य शेजारच्या कठीण पॉलिस्टायरीनला लागले तर ते विरघळू लागते. एका डब्यात टाकून ठेवलेला रबरी फ्रँकन बेरी अशा रीतीने शेजारच्या मोटारीच्या छतात रुतून बसतो, आणि दोन्ही ओढून वेगळे केले तर दोन्हींचा पृष्ठभाग जातो. जाणते संग्राहक प्रत्येक राक्षस पॉलिथिलीनच्या वेगळ्या पिशवीत घालतात आणि पिशव्या एकमेकींना टेकू देत नाहीत.